स्त्रियांचा नित्याचा थकवा : एका दुर्लक्षित तक्रारीविषयी

शस्त्रक्रियांची संख्या, खाटांचा विनियोग, तपासण्या, देणग्या आणि खर्च या सर्वांची नोंद वार्षिक अहवालात होते. ‘थकवा’ असा रकाना मात्र आमच्या कोणत्याही तक्त्यात नाही, कारण केवळ थकव्यासाठी केसपेपर काढणाऱ्या स्त्रिया विरळाच. त्या येतात त्या सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी, मुलाच्या तापासाठी, यजमानांच्या मधुमेहासाठी. स्वतःविषयीचे वाक्य निघता निघता, दाराशी उभे राहून उच्चारले जाते : “हल्ली फार गळून गेल्यासारखे होते.” त्या वाक्याकडे लक्ष वेधावे, या हेतूने हा मजकूर यंदाच्या अहवालात समाविष्ट करीत आहोत. आम्ही व्यवस्थापनाकडील मंडळी, वैद्यक नव्हेत. वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन मांडला आहे.

श्रमानंतर येणारा आणि झोपेने जाणारा थकवा स्वाभाविक होय. तोही कमी नसतो. केंद्र शासनाच्या 2024 च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी 289 मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे. परंतु रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी अंग जड असणे, एक जिना चढताच धाप लागणे, छातीत धडधडणे, केस गळणे, माती वा खडू खाण्याची इच्छा होणे, ही लक्षणे केवळ श्रमाची नव्हेत.

यामागे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे रक्तक्षय. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा आणि गर्भवतीचे 11 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांत तो आढळला. 2015-16 मध्ये हेच प्रमाण 48 टक्के होते. राज्याची इतर बाबतींतील प्रगती पाहता हा आकडा आम्हांस अस्वस्थ करणारा वाटतो. रक्तक्षय झालेल्या मातेला प्रसूतीतील रक्तस्राव सोसत नाही आणि मूल कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. म्हणजे ‘जरा अशक्तपणा आहे’ असे म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर शरीरातून दररोज सुमारे 1 मिलिग्रॅम लोह खर्च होते. मासिक पाळीत जाणाऱ्या प्रत्येक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. पाळीत 30 ते 40 मिलिलिटर रक्त गेले तर 15 ते 20 मिलिग्रॅमचा खर्च पडतो. 80 मिलिलिटरहून अधिक गेल्यास तो 40 च्या पुढे जातो. जमेची बाजू मात्र क्षीण असते. शाकाहारी अन्नातील लोहाचा अल्पसा अंशच शरीरात शोषला जातो. म्हणूनच 2020 च्या राष्ट्रीय शिफारशीत स्त्रीला आहारातून रोज 29 मिलिग्रॅम आणि पुरुषाला 19 मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. तूट आली की शरीर प्रथम गंगाजळी मोडते, हिमोग्लोबिन नंतर घसरते. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा जाणवू शकतो. अशा वेळी फेरिटिन ही तपासणी उपयोगी पडते.

घरातील सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खावे, ही रीत अद्याप पुष्कळ घरांत आहे. त्यात उपवासांची भर पडते. श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. पण साबुदाणा म्हणजे बहुतांशी पिष्ट, त्यात लोह नाममात्रच. बीट आणि डाळिंब यांनी ‘रक्त वाढते’ ही समजूतही त्यांच्या रंगावरून आलेली दिसते. लोह त्यांत फारसे नाही. त्यापेक्षा कडधान्ये, हरभरा, हिरव्या पालेभाज्या, अळीव, आणि चालत असल्यास मांस-मासे घ्यावेत. जेवणात लिंबू पिळावे. क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. जेवणालगतचा चहा मात्र लोह अडवितो, तो तास-दीड तास दूर ठेवावा.

गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांना दाखवावयास आलेल्या एका भगिनी आमच्या बाकावर बसल्या बसल्या घेरी येऊन पडल्या. हिमोग्लोबिन 6.4 निघाले. तीन वर्षे पाळीत अतिस्राव होत होता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ आढळली. घरी बीटाचा रस चालू होता. “इतके दिवस बोलली का नाहीस?” असे यजमानांनी विचारता त्या शांतपणे म्हणाल्या, “बोलले होते. चार वेळा.” शिरेतून लोह देऊन पुढे गाठीची शस्त्रक्रिया झाली. हा खर्च रुग्ण साहाय्य निधीतून भागविला. या निधीचा पैसा कोठे जातो, असे देणगीदार विचारतात. तो अशा ठिकाणी जातो.

केवळ गोळ्या देऊन भागत नाही, कारण शोधावे लागते, हे यावरून ध्यानात यावे. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होते, क्वचित मळमळ वा मलावरोध होतो. भिऊन गोळी सोडू नये, डॉक्टरांस सांगावे. काहींना ते एक दिवसाआड गोळी देतात. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साधारण तीन महिने उपचार चालू ठेवावे लागतात, आणि गंगाजळी भरण्यापूर्वीच औषध थांबविणे ही आमच्याकडे नेहमी दिसणारी गोष्ट आहे. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. थायरॉइडच्या गोळीत आणि लोहाच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे.

प्रत्येक थकवा लोहाचाच, असेही नव्हे. थायरॉइडची मंदता, मधुमेह, शुद्ध शाकाहारातून येणारी ब-12 ची कमतरता, अपुरी झोप ही कारणे असतात. विदर्भ वा नंदुरबारकडील काही कुटुंबांत सिकलसेलचा, तर अन्य काहींत थॅलेसेमियाचा विचार करावा लागतो. मनाची उदासीनताही ‘अंगात त्राण नाही’ याच शब्दांत व्यक्त होते. तिला नखरे म्हणणाऱ्या नातेवाइकांना आमचे समुपदेशक वेगळे बसवून बोलतात.

विश्रांतीतही धाप लागणे, छातीत दुखणे, कारण नसता वजन घटणे, काळे वा रक्तमिश्रित शौच होणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, यांपैकी काहीही असल्यास विलंब न लावता यावे. येताना जुने कागद आणि चालू औषधे सोबत आणावीत. रक्तगणनेसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. साखरेची तपासणी करावयाची असल्यास तेवढे आदल्या दिवशी विचारून घ्यावे.