कर्जतला बँकर लागताना

मे महिन्यातली सकाळ. कर्जत स्टेशनच्या पत्र्याखाली पंखे गरगरतायत, पण वारा अंगाला लागत नाही. लोकलमधून उतरलेली गर्दी पुलाकडे वळते. फलाट पुन्हा मोकळा. वडापाववाले ट्रे खाली टेकवून रुळांकडे बघत उभे.

मी मुंबईकडच्या टोकाकडे चालत जातो. पत्रा संपतो, ऊन मानेवर बसतं. तिथं पिवळ्या पट्टीच्या चांगलीच आत एक कॉलेजातली मुलगी उभी आहे. गळ्यात नवा कॅमेरा, खिशात दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट. ते दोन तास चालतं. नवशिक्याला तेवढे पुरतात.

तिनं जागा अचूक निवडलीय. पुण्याकडे जाणारी गाडी इथून आत शिरेल आणि थांबल्यावर तिचं शेपूट इथंच उरेल.

आधी ती ऊन बघते. सकाळचं ऊन पूर्वेचं, ते येणाऱ्या इंजिनावर कसं पडेल ते. मग पाठीमागचं बघते. विजेचा खांब इंजिनाच्या माथ्यातून उगवल्यासारखा दिसायला नको. दोन पावलं डावीकडे. रुळांवरची एक जागा हेरून फोकस तिथंच धरून ठेवते. फ्लॅश बंद, लोको पायलटच्या डोळ्यांवर झगमगाट जाता कामा नये.

शटरचा आकडा ती दोनदा बदलते. ताशी ६० किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त सरकते. सेकंदाच्या शंभराव्या भागातसुद्धा १७ सेंटिमीटर. एवढ्यानं इंजिनाचा नंबर फिसकटतो. हजारावा भाग धरला की दोन सेंटिमीटरही नाही. ती हजारावर थांबते.

घोषणा होते. मग काहीच नाही. घाम, माश्या, तापलेल्या खडीचा वास. वाट बघणं हाच या छंदाचा मोठा भाग, आणि मला तो आवडतो.

भोंगा. इंजिन वळतं, ऊन त्याच्या काचेवर चमकतं. मुलगी हलत नाही. हेरलेली जागा येते. खट्, खट्, खट्. डबे सरकत राहतात, ब्रेक करकरतात, "वडापाऽव" सुरू होतं.

सगळे खिडक्यांकडे धावतात. ती शेवटच्या डब्याकडे वळते. मागून बँकर इंजिनं हळूहळू येतायत. पॉइंट्समन हात वर धरून त्यांना जवळ घेतो. पुढं बोरघाट आहे. १८६३ पासून गाड्या चढतायत तो. चढ ३७ला एक, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. पुढच्या इंजिनाला एकट्याला ही गाडी वर नेववत नाही, म्हणून मागून रेटा.

ही बाजू सावलीत आहे. पण गाडी उभी आहे, घाई नाही. ती शटर दोनशेवर आणते, उजेड जास्त आत घेते. कपलिंग लोखंडाचा ठोका देत बसतं. पॉइंट्समन वाकून ते तपासतो, पाठ घामानं भिजलेली. माझ्या मते गाडीचा फोटो हा इथं असतो, आणि तिला तो दिसलाय.

पुढून शिट्टी येते. मागून बँकर उत्तर देतात. जोर लागतो, फलाट थरथरतो, गाडी सुटते.

मुलगी स्क्रीनवर नंबर मोठा करून वाचते. पाचही आकडे स्वच्छ. वडापाववाला विचारतो, "आला का?" ती त्याला कॅमेरा दाखवते आणि पुढच्या गाडीसाठी शटर परत हजारावर नेते.