लहान संगणकांचा महासंगणक

महासंगणक म्हटला की, वातानुकूलित दालन, कोट्यवधी रुपयांचा खर्च आणि तज्ज्ञांचा ताफा डोळ्यांपुढे उभा राहतो. तथापि, स्वस्त व लहान संगणक एकमेकांस जोडून त्यांच्याकडून एकच मोठे काम करून घेता येते, हे गेल्या तीन दशकांत अनेक ठिकाणी सिद्ध झाले आहे. टेबलावर मावेल एवढा असा संच आता विद्यार्थ्यांनाही घरी उभारता येतो.

कामाची वाटणी

समजा, १,००० उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत. दिवसाला २५ उत्तरपत्रिका तपासणाऱ्या एका परीक्षकास त्यासाठी ४० दिवस लागतील. चाळीस परीक्षक बसविल्यास तेच काम एका दिवसात उरकेल. मात्र, निकालपत्रक एकाच व्यक्तीने तयार करावयाचे असून त्यास एक दिवस लागत असेल, तर परीक्षक कितीही वाढविले तरी तो एक दिवस टळत नाही. समांतर संगणनाचे सामर्थ्य व मर्यादा या उदाहरणात सामावलेल्या आहेत. ही मर्यादा जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली होती.

अडचणीतून मार्ग

अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ सामान्य संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ हा संच तयार केला. त्याच देशातील ओक रिज प्रयोगशाळेत विल्यम हारग्रोव्ह व फॉरेस्ट हॉफमन यांना देशाचा पर्यावरणीय नकाशा तयार करावयाचा होता. अशा संचासाठी त्यांनी मागितलेला निधी नामंजूर झाला. तेव्हा, १९९७ मध्ये, इतरांनी टाकून दिलेले संगणक गोळा करून त्यांनी संच उभारला व नकाशाचे काम त्यावर केले. पुढे त्यातील संगणकांची संख्या शंभरावर गेली.

महाराष्ट्रालाही हा विचार अपरिचित नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने अत्याधुनिक महासंगणक देण्यास नकार दिल्यावर, पुणे येथे १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तेथे साकारलेला ‘परम ८०००’ हा अनेक लहान प्रक्रियकांच्या समांतर जोडणीवरच आधारलेला होता.

घरगुती संच

ब्रिटनमध्ये २०१२ साली ‘रास्पबेरी पाय’ हा तळहातावर मावणारा संगणक विक्रीस आला. त्याच्या एका नमुन्याची किंमत ३५ डॉलर होती. त्याच वर्षी साउदॅम्प्टन विद्यापीठातील प्रा. सायमन कॉक्स यांच्या चमूने असे ६४ संगणक जोडले. स्विच वगळता खर्च २,५०० पौंडांच्या आत राहिला. संगणक ठेवण्याची मांडणी लेगो या खेळण्याच्या ठोकळ्यांची होती.

आरंभासाठी असे चार संगणक, प्रत्येकास एक मेमरी कार्ड, एक नेटवर्क स्विच, केबल आणि पुरेसा वीजपुरवठा एवढे साहित्य पुरते. लिनक्स ही कार्यप्रणाली आणि संगणकांमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणारी ‘एमपीआय’ प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. एक संगणक मुकादमाप्रमाणे काम वाटून देतो; उर्वरित संगणक आपापला हिस्सा पूर्ण करून उत्तर परत पाठवितात. एक ते दहा लाखांमधील मूळ संख्या शोधण्याचे काम प्रथम एका, मग दोन व नंतर चार संगणकांवर करून लागलेल्या वेळेची नोंद ठेवल्यास वाटणीचा लाभ प्रत्यक्ष दिसून येतो.

मर्यादा व उपयोग

चार लहान संगणकांची एकत्रित शक्ती एका चांगल्या आधुनिक संगणकाहून बहुधा कमीच भरते. निरोपांच्या देवाणघेवाणीत वेळ जातो. ज्या कामाचे तुकडे पडत नाहीत, तेथे संचाचा उपयोग नाही. यास्तव, वेगाच्या अपेक्षेने असा संच उभारणे व्यर्थ होय. त्याचे खरे मोल शिक्षणात आहे, कारण हवामानाचा अंदाज वर्तविणाऱ्या महासंगणकांतही कामाची वाटणी याच तत्त्वाने होते.

अनेक शाळा-कार्यालयांत निर्लेखित संगणक धूळ खात पडलेले असतात. त्यांतील माहिती पुसून, विद्युत तपासणी करून व नियमानुसार मंजुरी घेऊन त्यांपैकी चार-पाच संगणक विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास, ओक रिजच्या शास्त्रज्ञांनी टाकाऊ यंत्रांतून घेतला तोच धडा त्यांनाही घेता येईल.