जिल्हा परिषदेच्या सदस्यांची निवड

गावची शाळा, दवाखाना व रस्ता यांविषयीचे अनेक निर्णय जिल्हा परिषदेत होतात. तिचे सदस्य कसे निवडले जातात, हे विद्यार्थ्यांस नीट समजणे म्हणूनच अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात 1961 च्या अधिनियमानुसार जिल्ह्याच्या ग्रामीण क्षेत्राचे निवडणूक विभाग पाडले जातात. व्यवहारात त्यांस ‘गट’ म्हणतात. प्रत्येक गटातून एक सदस्य प्रत्यक्ष मतदानाने पाच वर्षांकरिता निवडला जातो. गटाचे पुन्हा दोन गण असतात. प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य निवडून येतो. यास्तव मतदारास दोन मते असतात : एक गटासाठी, दुसरे गणासाठी. मतदाराचे वय किमान 18, तर उमेदवाराचे किमान 21 वर्षे असावे लागते. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. अध्यक्षाची निवड मात्र मतदार करीत नाहीत. ती निवडून आलेले सदस्य आपल्यांतून करतात.

2022 साली अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका लांबल्याने कारभार प्रशासकांकडे गेला. गावाचे म्हणणे सभागृहात मांडणारा सदस्यच तेव्हा उरला नाही. मताचे मोल यावरून ध्यानी येते.

हा पाठ शिकविताना शिक्षकांनी आपल्या गावाचा गट व गण प्रथम फळ्यावर लिहावा.