प्राण्यांचा अभ्यास करून करणार काय?

बारावी सायन्सचा निकाल लागला की पालक आम्हा शिक्षकांकडे येतात. जीवशास्त्रात बरे गुण दिसले की पुढचा शब्द ठरलेला : नीट. तिथे जमले नाही तर बी.एस्सी., तीही चेहरा पाडून. अशात एखादी मुलगी म्हणाली की मला जनावरे-पाखरे कशी वागतात ते शिकायचे आहे, तर तिचे अब्बा आमच्याकडेच असे बघतात, जणू आम्हीच तिला फितवले!

खरे तर पन्हाळ्याच्या मुलांना हा विषय परका नाही. आपल्या तालुक्यात गवे उसात उतरतात, आणि शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. गवा कळप सोडून एकटा कधी फिरतो, कशाने बिथरतो, पाण्यासाठी कुठून कुठे जातो, हेच विद्यापीठात शिकतात. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला असाच एक गवा शिरला. गर्दी मागे लागली, कित्येक तास पळापळ झाली आणि शेवटी तो मेला. घाबरलेले जनावर कसे वागते हे गर्दीतल्या चार जणांना जरी ठाऊक असते!

आपल्याच समाजातले डॉ. सालिम अली घ्या. जन्म मुंबईचा, १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले, मामूंनी वाढवले. प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा मिळाली नाही. पुढे जर्मनीहून शिकून परतले तर हातातली नोकरीही गेलेली. मग १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरणीचा पिच्छा पुरवला. (उर्दूत ही बया.) त्यांना दिसले ते असे : नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तरच राहते, आणि ती अंड्यांवर बसली की हे महाशय दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतात. याच निरीक्षणाने त्यांचे नाव झाले. पद्मविभूषण १९७६ मध्ये मिळाले.

त्यांना जी पदवी आडवी आली, ती आज आपल्या मुलांना घराजवळ मिळते. साध्या बी.एस्सी.ला नीट लागत नाही. प्राणिशास्त्र घेऊन पदवी, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करता येते. खास वन्यजीवांचे शिक्षण डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये आहे. तिथे जागा थोड्या आणि प्रवेश दरवर्षी असतीलच असे नाही, म्हणून जाहिरातीवर डोळा ठेवावा. संख्याशास्त्र मात्र टाळू नये. पाखरे मोजायची तर आकडे येतातच, आणि आमची निम्मी मुले तिथेच कच्ची असतात.

पैशाचे विचाराल, तर पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ मिळाली की २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे. पण तिथवर पाच-सहा वर्षे जातात, हेही पालकांना स्पष्ट सांगतो. मुलगी रानात कशी जाणार, हा प्रश्न अम्मींचा. रानातले काम बहुधा तुकडीने चालते, सोबत मार्गदर्शक असतात. प्रवेशाआधी त्या विभागात जाऊन तिथल्या विद्यार्थिनींनाच विचारावे. शिवाय मुंग्या, गांधीलमाश्या, कोळी यांच्यावर आयुष्यभर संशोधन करणारे आहेत, त्यांना फार लांब जावे लागत नाही.

पाऊस लागला की गडाखालच्या विहिरींवर, बाभळींवर सुगरणी विणायला लागतील. मुलीला एक वही द्या, रोज अर्धा तास एकाच झाडासमोर बसू द्या. महिन्याभरात वही भरली, तर प्रवेशअर्जाचे बोलू.