पर्वतावरील शर्यत : बळ आणि बुद्धि

बायसिकलची शर्यत म्हणजे केवळ पायांच्या बळाची परीक्षा, अशी पुष्कळांची समजूत असते. ज्याच्या पायांत जोर अधिक तो पुढें जाणार. तेथें बुद्धीचें काय काम? परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतींत, आणि विशेषतः डोंगराच्या चढावावर, ही समजूत टिकत नाहीं. तें कसें, हें फ्रान्स देशांत १९६४ सालीं झालेल्या एका प्रसिद्ध झुंजीवरून आपण पाहूं.

'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. ती सुमारें तीन आठवडे चालते व तिचे अनेक टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यास स्पर्धकास लागलेला वेळ मांडून ठेवतात, आणि शेवटीं ज्याच्या वेळेची बेरीज सर्वांत कमी तो विजयी ठरतो. बेरजेंत जो आघाडीवर असेल त्यास पिवळा सदरा घालावयास मिळतो. तेव्हां रोज पहिलें येणें हें येथें मुख्य नव्हे. आपल्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षां कमी वेळ घेणें हें मुख्य होय. या एका नियमांतूनच सारे डावपेंच निघतात.

सपाट रस्त्यावर स्वाराचा मोठा शत्रु म्हणजे वारा. वेग वाढला कीं हवेचा विरोध झपाट्यानें वाढतो. म्हणून जो दुसऱ्याच्या मागें आडोशानें चालतो त्याचे श्रम पुष्कळ वांचतात. परंतु चढाव लागला म्हणजे वेग मंदावतो, आडोशाचा उपयोग थोडा उरतो, आणि स्वतःच्या देहाचा व सायकलीचा भार प्रत्येकास स्वतःच वर न्यावा लागतो. सोबती असोत वा नसोत, तेथें प्रत्येक जण एकटा पडतो. म्हणूनच अशा शर्यतींचा निकाल बहुधा पर्वतावर लागतो.

१९६४ सालीं झाक आंकतील व रेमों पुलिदोर या दोघां फ्रेंच वीरांत चुरस होती. आंकतील यानें ही शर्यत चार वेळां जिंकली होती. घड्याळाविरुद्ध एकट्यानें धांवण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुलिदोर हा शेतकऱ्याचा मुलगा, चढावावर बळकट आणि लोकांचा लाडका. साऱ्या फ्रान्सांत या दोघांचे दोन पक्ष पडले होते. १२ जुलै रोजीं प्वी द दोम या जुन्या, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर टप्पा संपावयाचा होता. त्या दिवशीं सकाळीं आंकतील ५६ सेकंदांनीं पुढें होता. दोन दिवसांनीं पॅरिस येथें घड्याळाविरुद्धची शेवटची धांव व्हावयाची होती, व ती आंकतीलच्या सोयीची होती. अर्थात् पुलिदोरला जें मिळवावयाचें तें याच डोंगरावर मिळविणें भाग होतें. आंकतीलला मात्र असलेलें राखावयाचें होतें.

चढाव सुरू झाल्यावर हिमेनेथ व बाहामोन्तेस हे दोघे स्पॅनिश स्वार पुढें निघाले. आंकतील यानें त्यांस जाऊं दिलें. टप्प्यांत पहिल्या दोघांस वेळेची सूट मिळत असे. ती या दोघांनीं नेली कीं पुलिदोरच्या पदरीं पडावयाची नाहीं, हा त्यांतील हिशेब! आतां राहिला पुलिदोर. आंकतील मनांतून जाणून होता कीं आज आपली शक्ति कमी आहे. त्याच वर्षीं इटलीची मोठी शर्यत जिंकून तो आला होता. अशा वेळीं थकलेला मनुष्य दुसऱ्याच्या मागें लागतो. परंतु मागें राहणें म्हणजे दुर्बलतेची कबुलीच. म्हणून तो मागें न जातां पुलिदोरच्या अगदीं बाजूस, डोंगराच्या अंगास, खांद्याला खांदा लावून चालूं लागला. मध्यंतरीं दोघांचीं कोंपरें एकमेकांस लागलीं; तरी कोणी कोणाकडे वळून पाहीना. झांकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण! हा आपल्या तोडीचाच आहे, असें वाटून पुलिदोर निकराची चाल करण्यास बराच वेळ धजला नाहीं.

सुमारें एक किलोमीटर उरला असतां आंकतीलचें उसनें अवसान संपलें. पुलिदोर पुढें निसटला व भराभर अंतर वाढवूं लागला. हिमेनेथ पहिला, बाहामोन्तेस दुसरा व पुलिदोर तिसरा आला. आंकतील त्याच्या मागून ४२ सेकंदांनीं पोंचला. ५६ मधून ४२ वजा जातां १४ उरले. तेवढ्यावर पिवळा सदरा त्याच्याच अंगावर राहिला. १४ जुलै रोजीं पॅरिसच्या धांवेंत त्यानें अंतर वाढविलें, व ५५ सेकंदांनीं पांचव्यांदां ही शर्यत जिंकली.

परंतु याच शर्यतींत कांहीं दिवसांपूर्वीं घडलेली एक गोष्ट विसरतां येत नाहीं. मोनाको येथें टप्पा क्रीडांगणांत संपावयाचा होता. पुलिदोर रेषेवर प्रथम आला, व आपण जिंकलों असें समजून थांबला. वस्तुतः आणखी एक फेरी बाकी होती! ती संपतांना आंकतील पुढें आला, आणि एका मिनिटाची सूट त्यास मिळाली. पॅरिसमध्यें अंतर पडलें तें ५५ सेकंदांचें. डोंगरावर इतके कष्ट करून जें मिळालें नाहीं, तें एका क्षणाच्या अनवधानानें आधींच हातचें गेलें होतें.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत प्रश्न शेवटपर्यंत न वाचतां उत्तर लिहावयास बसणाऱ्यांनीं पुलिदोरची ती फेरी ध्यानांत ठेवावी. पुलिदोर अनेक वर्षें झगडला. आठ वेळां पहिल्या तिघांत आला. तरी तो पिवळा सदरा त्यास एक दिवसही लाभला नाहीं. असें असूनही त्यानें मन कडू होऊं दिलें नाहीं, आणि उतारवयांत हे दोघे प्रतिस्पर्धी एकमेकांचे स्नेही झाले. पौल प्रेषितानें धर्मजीवनास शर्यतीची उपमा दिली आहे. त्या शर्यतींत बळ हवें, सावधपणा हवा, आणि आपल्या बाजूनें धांवणाऱ्याविषयीं अंतःकरणांत आदर हवा. पहिल्या दोहोंनीं बक्षीस मिळतें. तिसऱ्यानें मिळालेला मित्र मात्र बक्षिसापेक्षां अधिक काळ टिकतो.