घर मिळालं, पण कागद?

बालमित्रांनो, शाळेत नाव घालताना तुमच्या आईबाबांनी जन्मदाखला शोधला होता, आठवतं? मग आपल्या देशातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या बाळाला किती कागद लागत असतील!

आईबाबांपैकी एक जण तरी अमेरिकेचा नागरिक हवा. दत्तकविधान इथेच पूर्ण झालं असेल, तर बाळ कायम वास्तव्याच्या व्हिसावर तिथे त्यांच्याकडे राहायला गेलं, की लगेच नागरिक होतं. ते तिथे पूर्ण व्हायचं असेल, तर आधी मिळतं 'ग्रीन कार्ड', म्हणजे कायम राहायचा परवाना. मग कोर्टाचा हुकूम झाला, की नागरिकत्व.

हा नियम आला २७ फेब्रुवारी २००१ला. त्या दिवशी ज्यांना १८ वर्षं पूर्ण झाली होती, त्यांना तो लागू झाला नाही. ज्यांच्या आईबाबांचा वेगळा अर्ज करायचा राहून गेला, अशी तिथेच लहानाची मोठी झालेली काही माणसं सरकारदरबारी परकीच राहिली. काहींना तर देशाबाहेर धाडलं गेलं!

पालकहो, माया तर हवीच, पण अर्जही वेळेवर हवा. आणि मुलांनो, तुमचा जन्मदाखला कुठे ठेवलाय, ते आज आईला विचाराल ना?