बास डिकीत, बॅटरी बॉनेटखाली

गाडीत साउंड बसवायला निघालेला माणूस आधी स्पीकर बघतो, मग अँप्लिफायर, मग वूफरची पेटी. वायर कोणती टाकायची हा प्रश्न निघतो तो थेट बिल करताना, आणि दुकानदार ‘किट आहे ना, त्यात सगळं येतं’ म्हणून तो तिथेच मिटवतो. मला विचाराल तर हा क्रम पार उलटा हवा. अँप्लिफायर स्वतः वीज बनवत नाही. बॉनेटखालच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत जेवढी वीज पोचेल तेवढ्यावरच त्याला वाजायचं असतं. मधल्या पाच मीटरांत ती अडली, तर वरच्या पंचवीस हजारांच्या सामानाला काही अर्थ उरत नाही.

हा छंद आमच्या रोडपालीत जोपासायला फार सोपा. सिडकोने वसवलेल्या कळंबोलीचा हा भाग. जवळ तळोजा एमआयडीसी, पलीकडे कळंबोलीचं स्टील मार्केट, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो तोही कळंबोलीतूनच. त्यामुळे ट्रक, ट्रेलर, त्यांचे वायरमन, वेल्डिंगचं सामान, लग, थिंबल, वजनकाटे हे सगळं हाकेच्या अंतरावर. मुंबईत याच सामानासाठी लॅमिंग्टन रोड किंवा ऑपेरा हाऊस गाठावं लागतं, पुण्यात पासोड्या विठोबाची गल्ली. तिन्ही ठिकाणी मी मनसोक्त भटकलोय, पण वायर घ्यावी ती आमच्या बाजूलाच.

इतिहास थोडक्यात उरकतो. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिलं. जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये आपला कार रेडिओ आणला. तेव्हा बहुतेक गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असे. १९५० च्या दशकात १२ व्होल्ट रूढ झाले, आणि तेवढ्याच कामाला निम्मा करंट पुरू लागला. आपल्याकडे फियाट-अँबेसेडरमधला रेडिओ, मग कॅसेट, मग सीडी, मग यूएसबी. झाला इतिहास.

आता मुद्द्याचं. डिकीत ५०० वॅटचा मोनो अँप्लिफायर वूफरसाठी आणि पुढच्या-मागच्या स्पीकरसाठी ५० वॅटचे चार चॅनेल, असा बेत धरा. हे वॅट खरे, म्हणजे आरएमएस. खोक्यावर छापलेले ‘३००० वॅट’ विसरून जा. पहिला क्लास डी जातीचा, घेतलेल्या विजेतली साधारण ८० टक्के आवाजाकडे पाठवणारा. दुसरा क्लास एबी, तो जेमतेम ५५ टक्के. १३ व्होल्टवर हिशेब केला तर पहिल्याला ४८ अँपिअर लागतात, दुसऱ्याला २८. म्हणजे जोरात वाजवताना सुमारे ७५ अँपिअर. दोन्ही हेडलाइट मिळून ९-१० अँपिअर खातात, हे लक्षात घेतलं की बासच्या ठोक्याला रात्री लाइट का मिचकतात ते कळतं.

हे ७५ अँपिअर पाच मीटर वायरमधून न्यायचे आहेत. ४ स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर वाटेत १.८६ व्होल्ट गळतात. १० ची टाकली तर ०.७२, १६ ची टाकली तर ०.४५, आणि २५ ची टाकली तर ०.२९. पावणेदोन व्होल्ट म्हणजे किरकोळ, असं कुणाला वाटेल. पण ४ च्या वायरमध्ये जवळजवळ १४० वॅट नुसते उष्णतेत जातात, आणि तेही गालिच्याखाली, प्लास्टिकच्या पट्टीत दाबलेल्या जागी. शिवाय गाडीच्या बहुतेक अँप्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १४.४ व्होल्टवर जो १०० वॅट देतो, तो १२ व्होल्टवर ७० च्या आत येतो. लोक म्हणतात बास ढिला झाला, आणि वूफर बदलतात.

बाजारात वायर ‘गेज’वर विकतात, आणि खरी गंमत इथे आहे. अमेरिकन गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. ८ गेज म्हणजे साधारण ८.४ स्क्वेअर एमएम आणि ४ गेज म्हणजे २१. पण किटमधल्या ‘४ गेज’ वायरचं लाल चकचकीत प्लास्टिक सोलून बघा. आत तांबं किती आणि प्लास्टिक किती, हे दिसलं की गेजवरचा विश्वास उडतो. म्हणून स्क्वेअर एमएममध्येच मागा. आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांची भाषा तीच आहे.

त्याहून मोठी फसगत धातूची. स्वस्त किटमधली वायर बहुधा सीसीए असते, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ थर. दिसायला तांबं, पण वीज वाहण्याची ताकद तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश. हिशेब असा की १६ ची सीसीए घेतली तर काम १० च्या तांब्याचं होतं. सीसीए वाईटच असते असं मी म्हणत नाही. एक माप जाड घ्या, चालते. राग येतो तो तांब्याचे पैसे घेऊन सीसीए देणाऱ्याचा.

ओळखायची कशी? कुणी एक तार पेटत्या काडीवर धरतो, कुणी चाकूने खरवडून आत पांढरं दिसतं का बघतो. दोन्ही ठीक. माझी आवडती युक्ती मात्र काट्याची. तांब्याची घनता ८.९६, अॅल्युमिनियमची २.७. १६ स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर वायरमध्ये खरं तांबं असेल तर नुसत्या धातूचं वजन ७०० ग्रॅमच्या वर भरतं. तेवढ्याच सीसीएचं ३०० च्या आत. प्लास्टिकचं वजन यातून वजा करायचं असतं, तेव्हा एक वीत तुकडा सोलून मोजावा आणि हिशेब मांडावा. रोडपालीच्या एका भंगारवाल्याकडे मी हा प्रयोग नेहमी करतो. तांब्याचा भाव त्याला तोंडपाठ. त्यामुळे वायर हातात घेतली की काटा टेकायच्या आधीच त्याचा चेहरा निकाल सांगतो.

आणि आता माझी लाडकी वस्तू, वेल्डिंग केबल. फॅब्रिकेशनच्या दुकानांत मिळते, काळी, रबरी वेष्टणाची. वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन माणूस दिवसभर वाकतो-वळतो, म्हणून केबल लवचीक हवी, आणि लवचीक हवी म्हणून आत जाड काड्यांऐवजी शेकडो केसासारख्या बारीक तारा. गाडीत नेमकं हेच लागतं, कारण डॅशबोर्डखालून, दाराच्या उंबऱ्यातून, सीटच्या पायाला वळसा घालून ती न्यायची असते. शिवाय तिचा धंदाच शंभर-दोनशे अँपिअरचा. वेल्डिंग केबलला आयएस ९८५७ हे भारतीय मानक आहे, ते वेष्टणावर छापलेलं बघून घ्यावं. हिच्यातही अॅल्युमिनियमची येते, तेव्हा काटा इथेही सुटत नाही. दोष दोन. वेष्टण जाड असल्याने उंबऱ्याच्या पट्टीखाली ती अवघड बसते, आणि दोन्ही टोकं काळी असतात. प्लसच्या टोकाला लाल स्लीव्ह चढवायची. इंजिनापाशी फ्लेक्झिबल पाइप घालायचा. एवढं केलं की ‘ऑडिओ केबल’ नावाने दुप्पट पैसे मोजायचं कारण मला तरी दिसत नाही. दुकानदार नाक मुरडतात. मुरडू द्या.

केबलच्या टोकाला दाबून बसवायचा लगही तांब्याचा घ्या, आणि हातोडीने ठोकू नका. षट्कोनी डायच्या पंचिंग मशिनने दाबून घ्या. आपल्याकडे चार महिने हवा ओली, त्यात खाडीची आणि कारखान्यांची भर. उघड्या तांब्यावर हिरवा थर चढायला एक पावसाळा पुरतो. कलई केलेलं तांबं मिळालं तर उत्तम. नाहीतर लगवर हीट श्रिंक स्लीव्ह ओढा.

रस्ता कसा काढायचा यावर वायरमन मंडळींशी माझे वाद होतात. पहिली गोष्ट फ्यूज. तो बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत हवा. अनेक जण डिकीत अँप्लिफायरजवळ लावून मोकळे होतात आणि ‘फ्यूज आहे की’ म्हणतात. अरे, हा फ्यूज वायर वाचवायला आहे. अँप्लिफायरला त्याचा स्वतःचा असतो. मधे कुठे वायर घासून पत्र्याला लागली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि डिकीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. १६ च्या केबलला ८०, २५ च्या केबलला १०० अँपिअरचा फ्यूज पुरे. अँप्लिफायर मोठा आहे म्हणून फ्यूज मोठा करायचा नाही, केबल जाड करायची.

दुसरी गोष्ट फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यातला पत्रा. तिथल्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. नुसत्या पत्र्याची कड इंजिनाच्या थरथरीने वेष्टण कापत राहते. आत आल्यावर पॉवरची केबल एका बाजूने आणि स्टिरिओचा सिग्नल अँप्लिफायरला नेणारी आरसीए वायर दुसऱ्या बाजूने न्यावी. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर हात आखडता घ्या. ते एअरबॅगचे असतात.

तिसरी गोष्ट सीएनजी. आमच्या भागात वॅगन आर आणि अर्टिगा सीएनजीवरच जास्त. सिलिंडर डिकीत, वूफरही डिकीत, आणि २०० बार दाबाची नळी गाडीखालून पुढे. हा भाग बोलायचा कमी आणि पाळायचा जास्त. तळाच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. केबल गॅसच्या नळीला बांधायची नाही. सिलिंडरच्या ब्रॅकेटच्या बोल्टवर अर्थ, म्हणजे मायनसची जोडणी, घ्यायची नाही. सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. त्या वेळी तो निघायला हवा, तेव्हा पेटीही सहज निघेल अशी ठेवा.

अर्थ या विषयावर मला वेगळा लेख लिहायचाय, पण थोडं इथे सांगतोच. प्लसची केबल २५ ची आणि मायनसची जुन्या वायरिंगमधून कापलेली, असं मी किती गाड्यांत पाहिलं! करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो. मायनसही तितकीच जाड हवी, अँप्लिफायरपासून दीड-दोन फुटांच्या आत बॉडीच्या पत्र्यावर संपायला हवी, आणि बोल्टाखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडायला हवा. नंतर वरून रंग किंवा ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट अनेकांना आयता सापडतो. तो सोडा, त्यावर जीव टांगलेला असतो. पुढे बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी कंपनीची पट्टीही बारीक असते. तिच्या जोडीला आणखी एक केबल टाकली की फरक कानाला कळतो. अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून जी ‘कूंऽऽ’ ऐकू येते, तिचा दोष लोक पॉवरच्या केबलला देतात. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा ती सैल किंवा रंगावर बसवलेल्या अर्थची असते.

तपासायला दोनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवा. गाण्यावर आकडा नाचतो, म्हणून सूर. एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी अँप्लिफायरच्या प्लसवर. मग तसंच मायनसवर. दोन्ही आकड्यांची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आसपास आली तर काम चांगलं. दीड व्होल्ट आली तर वायरमनला परत बोलवा, आणि आकडा त्याला दाखवा. आकड्यापुढे वाद होत नाही.

बासच्या ठोक्यासाठी वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरबद्दल विचारणारे भेटतातच. एक फॅरडचा, निळे दिवे लागणारा. १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत तो २६ ज्यूल देतो. वर धरलेला ५०० वॅटचा अँप्लिफायर एवढं सेकंदाच्या विसाव्या भागात संपवतो. तेच पैसे केबलमध्ये घाला.

स्टील मार्केटच्या ट्रकवाल्यांची गोष्ट वेगळी. मोठ्या ट्रकला १२ च्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करतात. कारचा स्टिरिओ बसवताना काही जण एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. वाजतं छान. पण ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते, दुसरी भरलेली राहते, आणि चार्जिंग दोघींना मिळून होतं. एक उपाशी, एक ओव्हरचार्ज, शेवटी दोन्ही जातात. २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावला की प्रश्न मिटतो. त्याच्या अँपिअरचा आकडा मात्र स्टिरिओला पुरणारा हवा.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटरच नसतो. १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर तिला भरतो. तो किती अँपिअर देतो हे आधी विचारा. नारिंगी केबल दिसली तर तिच्या वाटेलाही जाऊ नका, ती शेकडो व्होल्टची असते.

आवाज किती करावा हा प्रश्न मी टाळत होतो, पण दिवाळी आहे म्हणून सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. चांगल्या केबलचा फायदा मोठ्या आवाजात मिळतो हे खरं. पण मध्यम आवाजात ढोलकीच्या थापेचं टोक स्वच्छ ऐकू येतं ते तिच्यामुळेच, आणि त्यासाठी सोसायटीला जागं करायची गरज नाही.

तेव्हा या दिवाळीत गाडीला साउंड बसवणार असाल तर खर्चाचा दहावा हिस्सा आधी केबल, लग आणि फ्यूजसाठी बाजूला काढा. काम झाल्यावर गाणं लावण्याआधी बॉनेट उघडायला लावा. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज दिसला नाही, तर गाडी ताब्यात घेऊ नका.